गोवा दर्शनाच्या नावाखाली झालेले दुकानदर्शन

मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा, रामनाथ ही ज्यांची कुलदैवते आहेत अशी असंख्य कुटुंबे महाराष्ट्रात आहेत. गोव्याला जायचे, ओटी-अभिषेक करायचा आणि उरलेल्या वेळात बाजार व समुद्र पाहून घ्यायचा, असा त्यांचा साधारण बेत असतो. हा बेत ओळखूनच ‘एका दिवसात संपूर्ण गोवा’ अशी पाटी लावून सहली विकणारे एजंट कळंगुट-बागा पट्ट्यात गल्लोगल्ली बसलेले आहेत. त्यांपैकी एकाने आमच्या कुटुंबाला कसे फसवले, ते येथे लिहीत आहे. गेलेली रक्कम मोठी नाही. परंतु फसवण्याची पद्धत इतकी सराईत आणि प्रत्येक टप्प्यावर इतकी सयुक्तिक वाटणारी आहे की ती इतरांना आधीच ठाऊक असणे आवश्यक वाटते.

आम्ही पाच जण होतो : मी, पत्नी, आई, धाकटी बहीण आणि तिचे यजमान. आमची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा, आणि आईला तिची ओटी भरायची होती. म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारी भरतो, म्हणून सहलीसाठी शुक्रवारच ठरवला. एजंटने छापील वेळापत्रक हाती दिले. त्यात जुने गोवे, मंगेशी एक तास, शांतादुर्गा एक तास, म्हापशाचा बाजार दीड तास आणि कळंगुटचा किनारा दोन तास असे स्वच्छ नमूद होते. दर माणशी ४०० रुपये, गाडी वातानुकूलित, गाईड सोबत आणि ‘सर्व प्रवेश तिकिटांसह’. टॅक्सीवाले याच फेरीसाठी साडेतीन हजारांच्या खाली येत नव्हते, त्यामुळे पाच जणांचे दोन हजार हा दर वाजवी वाटावा असाच होता. पैसे यूपीआयने घेतले गेले, पण फर्मच्या नव्हे तर कोणा व्यक्तीच्या खात्यावर. पावतीवर रबरी शिक्का होता, नोंदणी क्रमांक नव्हता आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार राखीव’ असे छापलेले होते. पुढे दिवसभर जे काही झाले, ते सगळे या एका ओळीच्या आड झाले.

साडेआठची गाडी पावणेदहाला आली आणि निरनिराळ्या हॉटेलांतून प्रवासी गोळा करण्यात आणखी पाऊण तास गेला. त्यानंतर गाडी थांबली ती काजूच्या दुकानापुढे. गाईड म्हणाला की येथे चहा-नाश्त्याची आणि प्रसाधनगृहाची सोय आहे, पुढे कुठे मिळणार नाही. सकाळच्या वेळी, वयस्क माणसे बरोबर असताना, याला नाही म्हणणे कठीणच. दुकानाच्या दारात एक मुलगा लांबट वही घेऊन उभा होता. त्याने गाडीचा क्रमांक लिहिला, उतरणारी डोकी मोजली आणि ड्रायव्हरच्या हाती एक चिठ्ठी दिली. आत काजू मांडलेले होते, पण पाकिटांवर डब्ल्यू-२४० किंवा डब्ल्यू-३२० अशी प्रत कुठेही लिहिलेली नव्हती. काजूगराचा आकार आणि दर या प्रतीवरून ठरतो, आकडा जितका लहान तितका गर मोठा. फलकावर अर्ध्या किलोचा भाव होता, आणि पत्नीने डबा उलटा करून पाहिला तर निव्वळ वजन ४०० ग्रॅम छापलेले होते. आम्ही काही घेतले नाही. गाडी मात्र तेथून पन्नास मिनिटांनी हलली.

जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेच्या अलीकडेच गाईडने माणशी ५० रुपये ‘चर्चचे तिकीट’ म्हणून गोळा केले. तिकिटे आमच्या हातात आलीच नाहीत. बॅसिलिकेत जाण्यासाठी कसलेही प्रवेशशुल्क नाही आणि आत कोणी तिकीट विचारतही नाही. वेळापत्रकात तर प्रवेश तिकिटे धरलेली होती, असे मेहुण्यांनी म्हणताच उत्तर आले, “ते सरकारी ठिकाणांचं, साहेब. हे चर्चचं वेगळं असतं.” उत्तर खोटे होते, पण ते इतक्या सहजपणे दिले गेले की गाडीतल्या बाकीच्या प्रवाशांनी मुकाट्याने नोटा काढून दिल्या.

मंगेशीला पोहोचेपर्यंत साडेबारा वाजून गेले होते. वाटेत गाईडने माइकवरून माहिती दिली की हे देऊळ शिवाजी महाराजांनी बांधले. महाराजांनी जीर्णोद्धार केला तो नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा, १६६८ साली. मंगेशाचे लिंग १५६० मध्ये पोर्तुगीजांच्या भयाने कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीच्या जागी, आणले गेले. गाईडच्या चुकीच्या इतिहासाने कोणाचे नुकसान होत नाही, हे मान्य. पण ज्या माणसाला आपण ज्या देवळात नेतो आहोत त्याची एवढीही माहिती नाही, तो मान्यताप्राप्त गाईड असणे शक्य नाही, हा अंदाज तेव्हाच आला आणि पुढे खरा ठरला.

याच वेळी त्याने अभिषेकाचा विषय काढला. “गर्दी आहे, रांगेत उभं राहिलात तर दर्शनही होणार नाही. नाव-गोत्र सांगा, मी आतून करून घेतो.” प्रत्येक कुटुंबामागे ५०१ रुपये घेऊन त्याने नावे आणि गोत्रे एका खिशातल्या वहीत टिपून घेतली. आईने त्याला पावती मागितली, तेव्हा तो म्हणाला, “मावशी, पावती प्रसादाबरोबर मिळेल.” प्रसाद म्हणून परतताना एका प्लास्टिकच्या पिशवीत साखरफुटाणे आणि चिमूटभर अंगारा आला, पावती आली नाही. आई गाडीत बसायला तयार होईना. ती तशीच मागे फिरली आणि देवस्थानच्या कार्यालयातील खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तेथील गृहस्थांनी पावतीपुस्तक पुढे ओढले, चष्मा सावरून त्या दिवसाच्या स्थळप्रतींवरून बोट फिरवले आणि सौम्यपणे सांगितले, “आजी, ह्या नावानं आज पावती फाडलेली नाही. देवस्थानचे पैसे इथंच घेतात, बाहेर कोणी घेत नाही.” आई परत आली तेव्हा गाईड ड्रायव्हरशेजारी बसून मोबाइल पाहत होता. त्याने मान वर न करता सांगितले की आतल्या भटजींकडे थेट दिले आहेत. देवळाला मिळालेला वेळ एकूण पंचवीस मिनिटे होता, आणि त्यातला बराचसा या प्रकरणात गेला.

खरा धक्का त्यापुढे बसला. कवळे फोंड्यापासून अगदी जवळ आहे. गाडी फोंड्याच्या बाजूला वळली म्हणून आम्ही निश्चिंत होतो, आणि ती थांबली एका मसाल्याच्या बागेपाशी. प्रवेश व जेवण मिळून माणशी ५०० रुपये. आम्ही नकार दिला, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून राहण्याखेरीज दुसरा मार्ग ठेवलेला नव्हता, कारण आसपास ना खानावळ होती ना बसथांबा. दीड तासाने सगळे बाहेर आले आणि गाडी पणजीच्या रस्त्याला लागली. शांतादुर्गेचे काय, असे विचारल्यावर गाईड म्हणाला की कवळ्याच्या रस्त्याचे काम सुरू आहे, मोठी गाडी जात नाही. आईच्या पिशवीत खण, नारळ आणि ओटीचे तांदूळ तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही पणजीहून बसने फोंड्याला आणि तेथून रिक्षाने कवळ्याला गेलो, ओटी भरली. शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ते देऊळ आईने मनसोक्त पाहिले. रस्ता चांगला होता. देवळाबाहेर दोन लांबलचक टुरिस्ट बसगाड्या उभ्या होत्या. त्यांचा फोटो मी काढून ठेवला.

म्हापशाच्या बाजाराची कथा फार लांबवण्यात अर्थ नाही. उशीर झाल्याचे कारण सांगून तो वगळण्यात आला, आणि उशीर कशामुळे झाला हे गाडीतल्या प्रत्येकाला दिसत होते. आम्हाला तेथून आमसुले, सांडगी मिरची आणि मातीची भांडी घ्यायची होती. त्याऐवजी ‘हाच बाजार, फक्त एसीमध्ये’ असे म्हणून एका हस्तकलेच्या शोरूममध्ये तासभर बसवले गेले. दारात पुन्हा तशीच वही, तशीच डोकेमोजणी आणि तशीच चिठ्ठी होती.

या सहलीचे गणित मला तेथेच उलगडले, आणि परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने ते स्वतःच्या तोंडाने सांगितले : “साहेब, मालक डिझेलपुरतंच देतो. आमचा दिवस आम्हाला दुकानांतून काढावा लागतो.” म्हणजे तिकीट स्वस्त असते ते एजंट उदार असतो म्हणून नव्हे, तर प्रवाशाचा वेळ दुकानदारांना पुन्हा विकलेला असतो म्हणून. देऊळ, आठवड्याचा बाजार आणि समुद्रकिनारा या तीन ठिकाणी गाडीमागे कमिशन देणारा कोणी नसतो. त्यामुळे वेळापत्रकावर लोकांना ओढण्यासाठी हीच तीन नावे ठळक छापतात आणि प्रत्यक्षात कात्री लागते तीही याच तिघांना. आमच्या फोटोंवरील वेळा जुळवून पाहिल्या तेव्हा दुकाने आणि बाग मिळून तीन तासांहून अधिक वेळ गेल्याचे दिसले. शांतादुर्गा आणि म्हापसा यांच्या वाट्याला एक मिनिटही आले नव्हते.

किनाऱ्यावर उतरलो तेव्हा सूर्य मावळून गेला होता आणि हाती पंधरा मिनिटे होती. तेवढ्यात गाईडने गाडीतल्या जोडप्यांना स्क्रॅच कार्डे वाटली. ही चाल कळंगुट परिसरात जुनी आहे, तरी दरवर्षी नवे लोक तिला बळी पडतात. कार्ड खरवडले की मोठे बक्षीस हमखास लागते. ते घेण्यासाठी पती-पत्नी दोघांनी एका रिसॉर्टवर यावे लागते, आणि तेथे बक्षिसाऐवजी सुट्ट्यांच्या क्लबचे दहा वर्षांचे सभासदत्व गळ्यात मारण्याचा कार्यक्रम असतो. मोठ्याने संगीत लावतात, शेजारच्या टेबलावर कोणीतरी सभासद झाल्याची घोषणा करतात, आणि ‘ही सवलत फक्त आत्ता’ असे सांगून दोघांना एकमेकांशी धड बोलूही देत नाहीत. आमच्या गाडीतले नांदेडचे नवविवाहित दांपत्य गेले आणि क्रेडिट कार्डावर चाळीस हजार रुपये भरून आले. सही केलेल्या कराराची प्रत त्यांना हॉटेलवर आल्यावर वाचायला मिळाली. तीत भरलेली रक्कम परत मिळणार नसल्याचे आणि दरवर्षी वेगळा देखभाल खर्च द्यावा लागेल असे लिहिलेले होते.

अशी सहल घेण्याआधी काय पाहावे, याबद्दल आता मी नातेवाइकांना ठामपणे सांगतो. गोव्यात प्रवासी एजंट आणि गाईड यांना १९८२ च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा पावतीवर नोंदणी क्रमांक आणि गाईडकडे ओळखपत्र आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे. वेळापत्रकात दुकानांचे थांबे किती आणि कोणते, हे लिहून मागावे. जो लिहून देत नाही त्याचे उत्तर त्यातच आले. देवाच्या नावाचे पैसे देवस्थानच्या कार्यालयाबाहेर कोणाच्याही हाती देऊ नयेत. मंगेशी आणि म्हाळसेचे म्हार्दोळ तर पणजी-फोंडा बसच्या वाटेवरच आहेत, त्यामुळे ज्यांना दर्शनच महत्त्वाचे आहे त्यांनी सहलीच्या भरवशावर राहण्याचे कारण नाही. गोवा पर्यटन विकास महामंडळाच्याही दर्शन सहली असतात. त्यांचे दर आणि ठिकाणे आधी पाहून घेतली तर खासगी एजंटचा दर संशयास्पद स्वस्त आहे की नाही, हे लगेच कळते.

आम्ही एजंटकडे गेलो तेव्हा त्याने बसमालकाकडे बोट दाखवले आणि बसमालकाने गाईडकडे. मग पणजीला पाटो येथील पर्यटन भवनात लेखी तक्रार दिली आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली. तक्रारीत उपयोगी पडल्या त्या तीनच गोष्टी : यूपीआयचा व्यवहार क्रमांक, वेळापत्रकाचा कागद आणि वेळ दाखवणारे फोटो. काही आठवड्यांनी एजंटने भाड्यापैकी १२०० रुपये परत पाठवले. अभिषेकाचे ५०१ आणि ‘चर्चच्या तिकिटाचे’ २५० रुपये गाईडने परस्पर घेतले, त्यांच्याशी आपला संबंध नाही, असे त्याचे म्हणणे आहे, आणि गाईडचा क्रमांक तेव्हापासून बंद आहे.

नांदेडच्या दांपत्याची रक्कम मोठी असल्याने त्यांनी ग्राहक आयोगाचा मार्ग धरला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यासाठी गोव्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. त्यांच्या अर्जासोबत आमचे फोटो आणि मेहुण्यांचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे.