क्रोनोस क्वार्टेटचं 'ब्लॅक एंजल्स': ऐकण्याआधी आवाज नीट लावा

क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या गटाची १९९० सालची ही सीडी (ननसच कंपनी) लावली की पहिल्या क्षणी चार तंतुवाद्यांचा कर्कश किरकिराट अंगावर येतो. बहुतेक लोक इथेच आवाज कमी करतात आणि पुढचा सगळा हळुवार भाग गमावून बसतात. सीडीतल्या याच नावाच्या पहिल्या रचनेच्या दहाव्या तुकड्यातला चेलो (खर्जातलं मोठं व्हायोलिन) नीट ऐकू येईल इतका आवाज आधी लावून घ्या, मग पहिल्यापासून सुरू करा. सुरुवात दचकवणारच. या रचनेचे संगीतकार जॉर्ज क्रम यांना जोरात वाजवायच्या जागांवर कानाला सोसेल त्या सीमेपर्यंतचा आवाज हवा होता. मोबाइलच्या स्पीकरवर टॅमटॅमचा (धातूच्या मोठ्या घंटाथाळीचा) घुमारा उरत नाही, त्यामुळे हेडफोन हवेतच. अ‍ॅपमधलं आवाज सारखा करणारं सेटिंगही बंद ठेवा.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९७० मध्ये लिहिलेल्या या रचनेचे तेरा तुकडे आहेत. वादक माराकास (खुळखुळे) वाजवतात, जर्मन, जपानी, स्वाहिली अशा भाषांत आकडे पुटपुटतात. सहाव्या तुकड्यात जुना संगीतकार शुबर्ट याच्या 'डेथ अँड द मेडन'मधली धून येते. तिथे डाव्या हाताच्या बोटांच्या पलीकडे, खुंट्यांच्या बाजूला गज फिरवतात. त्याने स्वर पातळ, जुनाट होतो, जणू शेकडो वर्षांपूर्वीचं वाद्य वाजतंय. दहाव्यात पाणी भरून सुरात लावलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडेवरून गज फिरतो. जलतरंगासारखंच, पाणी वाढलं की सूर उतरतो. पण इथे आघात नसल्यामुळे स्वर लांबत राहतो. त्यावर चेलो एकटा, अगदी वरच्या पट्टीत. ही पूर्ण सीडीतली सर्वांत सुंदर जागा.

सीडीवर पुढे जुना संगीतकार टॅलिस याची चाळीस गायकांच्या आवाजांची रचना तारांवर बसवली आहे, ती मात्र फिकी वाटते. गळ्यातला श्वासच तिचा प्राण होता. शेवटी संगीतकार शोस्ताकोविचचं आठवं क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना (१९६०). त्याने आपल्या नावाच्या अक्षरांतून बांधलेले चार स्वर, सी हा सा धरला तर, रे, कोमल ग, सा, शुद्ध नि असे येतात. हे एकदा गुणगुणून पाहा. मग ते पाचही भागांत जागोजागी सापडतात.

याच क्रोनोस क्वार्टेटने २००५ मध्ये आशा भोसले यांच्यासोबत आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांची सीडी काढली. त्या सीडीवरून इकडे येणाऱ्यांनी दहाव्या तुकड्यापासून सुरुवात केली तरी चालेल.