आयएमडीबी: मालिकांच्या भांडणात पंच म्हणून कितपत चालतं?

'टिपरे' मोठी की 'हास्यजत्रा', 'ब्रेकिंग बॅड' वर की 'गेम ऑफ थ्रोन्स', असा वाद रंगला की तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी मोबाइल काढतं आणि आकडा वाचून दाखवतं. नऊ पॉइंट पाच. झालं, मिटला वाद! पण तो आकडा नेमका कशाचा, हे वाचणाऱ्याला विचारलं तर तोही चाचपडतो. म्हणून आयएमडीबी ही चित्रपट-मालिकांची माहिती आणि प्रेक्षकांची मतं नोंदवणारी वेबसाइट इथे एकाच कामाच्या कसोटीवर घासून पाहिली आहे: मालिकांची क्रमवारी लावायची असेल तर तिचा उपयोग किती, आणि ती कुठे फसवते.

आधी जुजबी माहिती. १९९० साली कॉल नीडहॅम यांनी हौस म्हणून सुरू केलेली ही यादी १९९८ पासून अ‍ॅमेझॉनच्या मालकीची आहे. खातं फुकट. १ ते १० तारे. एका खात्याला एका नावासाठी एकच मत, आणि बदललं की आधीचं पुसलं जातं. निदान पाच मतं पडल्याशिवाय आकडा दिसत नाही. मालिका पाहिली की नाही, हे कोणी तपासत नाही. मालिकेला मत वेगळं आणि तिच्या प्रत्येक एपिसोडला वेगळं. निम्मी भांडणं या शेवटच्या मुद्द्यावरून होतात.

बहुतेकांची समजूत अशी की, मालिकेचा आकडा म्हणजे तिच्या सगळ्या एपिसोडच्या आकड्यांची सरासरी. तसं अजिबात नाही. हे दोन वेगळे गल्ले आहेत. 'गेम ऑफ थ्रोन्स'चं पान उघडा. आठ सीझन, ७३ एपिसोड, २०११ ते २०१९. मालिकेचा आकडा नऊच्या वर आणि शेवटच्या एपिसोडचा चारच्या आसपास. शेवटाने इतकी निराशा केली तर मालिका खाली का आली नाही? कारण लाखो लोकांनी आपले तारे २०१३-१४-१५ मध्येच देऊन टाकले होते. शेवट पाहून चिडलेल्या माणसाने राग काढला तो एपिसोडच्या पानावर. मालिकेच्या पानावर परत जाऊन सहा वर्षांपूर्वीचा दहा खोडून सात करणारे थोडेच. त्यामुळे 'शेवट फसला तरी ती नऊच्या वर आहे, म्हणजे लोकांनी माफ केलं' हा युक्तिवाद टिकत नाही. तो आकडा मुख्यतः चौथ्या-पाचव्या सीझनच्या कौतुकाचा आहे.

उलट, एका मालिकेच्या आत डोकावायचं असेल तर याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. 'एपिसोड्स' या दुव्यावर जायचं, सीझन निवडायचा आणि नुसते आकडे वाचत खाली यायचं. 'ब्रेकिंग बॅड' घ्या. पाच सीझन, ६२ एपिसोड. पाचव्या सीझनचा चौदावा एपिसोड, 'ओझिमँडियस', अनेक वर्षं दहापैकी दहावर होता. सगळ्यात तळाला तिसऱ्या सीझनचा दहावा, 'फ्लाय', आठच्याही खाली. गंमत अशी की दोन्हींचा दिग्दर्शक एकच, रायन जॉन्सन. 'फ्लाय' हा पैसे वाचवण्यासाठी जवळजवळ एकाच जागी उरकलेला एपिसोड: प्रयोगशाळेत एक माशी शिरते आणि नायक वॉल्टर व त्याचा जोडीदार तिच्या मागे लागतात. ज्यांना गोष्ट पुढे सरकायला हवी त्यांनी पाच-सहा तारे दिले, ज्यांना वॉल्टरचं डोकं उघडून पाहायचं होतं त्यांनी नऊ-दहा. हे दिसतं ते आकड्यावर बोट ठेवून उघडणाऱ्या पट्ट्यांच्या तक्त्यात. सरासरी सात पॉइंट काहीतरी पाहून 'बरा असावा' म्हणणं चूक. हा 'बरा' नाही, लोकांना दोन गटांत फोडणारा एपिसोड आहे. वाद घालायचा तर अशा एपिसोडवर घालावा. सगळ्यांनी दहा दिलेल्यावर काय बोलणार?

आता वरचा आकडा कसा निघतो ते. ती साधी सरासरी नाही, भारित सरासरी आहे. सगळी मतं मोजली जातात पण सगळ्यांचं वजन सारखं नसतं, आणि वजन कसं ठरतं हे कंपनी मुद्दाम सांगत नाही. एखाद्या पानावर अचानक एकचे किंवा दहाचे लोंढे आले, तर हिशेबाची पद्धत बदलल्याची सूचना पानावर झळकते. ती दिसली की त्या आठवड्यात तो आकडा वादात आणू नये.

'टॉप २५०' ही यादी वेगळ्या गणिताने लागते. तिथे कमी मतांच्या मालिकेला सर्वसाधारण सरासरीकडे खाली ओढलं जातं आणि नियमित मतदारांचीच मतं धरली जातात. गणित योग्य आहे, पण यादीत एकमेकांशेजारी कोण बसलंय ते पाहा: पाच एपिसोडची 'चेर्नोबिल', दहांची 'बँड ऑफ ब्रदर्स', सहा एपिसोडचा निसर्गपट 'प्लॅनेट अर्थ २', आणि त्याच रांगेत वर्षानुवर्षं चाललेल्या मालिका. पाच एपिसोड चोख काढणं आणि पाच वर्षं घर सांभाळणं, ही एका तराजूत घालायची कामं नव्हेत. २०२० ची 'स्कॅम १९९२' अशा याद्यांत वर राहते, त्यातही दहाच एपिसोड आणि गोष्ट पूर्ण झालेली, याचा वाटा मोठा. आपल्या यादीत अशा मोजक्या एपिसोडच्या, म्हणजे मिनी सिरीज, वेगळ्या काढल्या की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

'मोस्ट पॉप्युलर' नावाची आणखी एक यादी शेजारीच असते. तिचा ताऱ्यांशी संबंध नाही. किती लोकांनी ते पान उघडलं त्यावर ती लागते. नवा ट्रेलर आला किंवा कलाकाराचं लग्न ठरलं तरी मालिका वर जाते. ही यादी दाखवून कोणी 'बघ, तिसरी आहे' म्हणालं तर चहा मागवावा आणि विषय बदलावा.

मराठीसाठी मात्र ही सेवा तोकडी पडते. मराठी दैनंदिन मालिकांना मतं इतकी कमी असतात की दहा-वीस चाहते मिळून आकडा हलवू शकतात. शिवाय आठवड्याला सहा एपिसोडच्या हिशेबाने वर्षाला तीनशेच्या आसपास होतात. 'चार दिवस सासूचे'ने तर तीन हजारांचा टप्पा ओलांडला. एवढ्या एपिसोडना तारे देत कोण बसणार? त्यामुळे 'ब्रेकिंग बॅड'च्या बाबतीत जो तक्ता इतका बोलका आहे, तो इथे कोरा राहतो. मालिका पहिल्या शंभर एपिसोडनंतर कुठे रेंगाळली, लीप घेतल्यावर सावरली का, हे इथे दिसतच नाही. आणि मराठी मालिकेवरचा खरा वाद तर नेमका तोच असतो.

शोधतानाही अडतं. नावं रोमन लिपीत आणि एकेकाच्या मर्जीनुसार. 'टिपरे'मध्ये पी नंतर ए घातला की नाही यावर पान सापडणं अवलंबून. 'श्रीयुत' आधी आहे म्हणून नुसतं 'गंगाधर' टाकून पाहावं, किंवा सरळ दिलीप प्रभावळकरांच्या पानावरून मालिकेकडे जावं. कलाकाराच्या नावाचं स्पेलिंग सहसा स्थिर असतं. पानाची भाषा हिंदी करता येते, मराठी नाही.

'रात्रीस खेळ चाले'चं काय करायचं, हा चाहत्यांचा आवडता पेच. पहिलं पर्व २०१६ चं, दुसरं २०१९ चं आणि ते पहिल्याच्या आधीची गोष्ट सांगणारं, तिसरं २०२१ चं. अण्णा नाईक आणि शेवंता ज्यांच्या डोक्यात बसलेत, ते खरं तर दुसऱ्या पर्वाला मत देत असतात. तेव्हा क्रमवारी लावताना तिन्ही वेगळी धरा. एकत्र धरली तर दुसऱ्याच्या पुण्याईवर तिसरं तरून जातं. 'दिल दोस्ती दुनियादारी' आणि 'दिल दोस्ती दोबारा' यांचंही तेच: चेहरे तेच, पण पात्रं नवी, गोष्ट नवी. वेगळीच धरा.

मराठी मालिकांची यादी काढायचीच असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड सर्च वापरा. प्रकारात 'टीव्ही सिरीज' आणि 'टीव्ही मिनी सिरीज' या दोन्हींवर खूण, भाषेत मराठी, मग 'युझर रेटिंग'नुसार उतरता क्रम. एवढंच केलं तर वर येतात सातजणांनी मत दिलेल्या, साडेनऊच्या मालिका. म्हणून मतांच्या चौकटीत किमान आकडा घाला. शंभरपासून सुरुवात करा. यादी फारच आखडली तर पन्नासवर या, त्याखाली नको. ज्यात मराठी ही एक भाषा म्हणून नोंदलेली आहे अशा हिंदी वेबसिरीजही यात घुसतात, त्या हाताने काढाव्या लागतात. 'चला हवा येऊ द्या'सारखे कार्यक्रमही याच प्रकारात सापडतात. विनोदी कार्यक्रमाची कथामालिकेशी तुलना करायची की नाही हे आधी ठरवा, नंतर नव्हे.

इथे कोणीतरी टीआरपी काढतंच. 'ठरलं तर मग' डिसेंबर २०२२ ला सुरू झाली आणि दीर्घकाळ मराठी टीआरपीच्या शिखरावर राहिली, मग हीच श्रेष्ठ नाही का? टीआरपी म्हणजे टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचं मोजमाप. देशभरातल्या ५० हजारांहून जास्त घरांत मीटर बसवलेला असतो, वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, मीटर ती पकडतो, आणि घरातला माणूस आपापलं बटण दाबून 'मी टीव्हीसमोर आहे' असं नोंदवतो. कोणत्या मिनिटाला किती माणसं समोर होती, हे यातून कळतं. आवडलं का, हे यात कुठेच नाही. रात्री साडेआठच्या वेळेचा, आधीच्या मालिकेचा, घरात रिमोट कोणाच्या हातात आहे त्याचा, सगळ्याचा हिशेब त्यात मिसळलेला असतो. शिवाय बंद झालेल्या मालिकेला आज टीआरपी नाही. अल्फा मराठीच्या (आताच्या झी मराठीच्या) काळातल्या मालिकेशी आजच्या मालिकेची तुलना या आकड्याने होऊच शकत नाही.

मग आयएमडीबीचा मराठी चाहत्यांना उपयोग काय? आपली यादी ठेवायला आणि कच्चा माल म्हणून. खात्यात 'लिस्ट' करता येते, नावं खालीवर सरकवता येतात, प्रत्येक नावाखाली टीप लिहिता येते. दिलेले सगळे तारे सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) उतरवता येतात; त्यात तुमचे तारे, तारीख, प्रकार, वर्ष, एकूण मतं असे रकाने तयार मिळतात. प्रकाराचा रकाना महत्त्वाचा: त्यावर चाळणी लावून एपिसोड आधी बाजूला काढा, नाहीतर मालिका आणि एपिसोड एकाच यादीत येतात. त्या फाइलमध्ये देवनागरीत काही लिहिलंत तर साठवताना यूटीएफ-८ ही अक्षरांची पद्धत (एन्कोडिंग) निवडा. नाहीतर पुढच्या वेळी अक्षरांचा चिवडा झालेला दिसेल.

दहा-वीसजणांच्या गटाची क्रमवारी असेल तर 'टॉप २५०'चंच गणित छोटं करून वापरा. प्रत्येक मालिकेसाठी: मतं गुणिले सरासरी, त्यात पाच गुणिले सात म्हणजे ३५ मिळवा, आणि मतं अधिक पाचने भागा. 'पाच' ही प्रत्येक मालिकेच्या नावावर आधीच धरलेली काल्पनिक मतं, आणि 'सात' ही गटाच्या सगळ्या मतांची सरासरी असं धरलंय. तुमची वेगळी असेल तर ती घाला. समजा एका मालिकेला तिघांनीच मत दिलं आणि तिघांनी दहा दिले. ३० अधिक ३५, भागिले ८, म्हणजे ८.१. दुसरीला वीसजणांचे सरासरी ८.८. १७६ अधिक ३५, भागिले २५, म्हणजे ८.४. साध्या सरासरीत पहिली जिंकली असती, इथे दुसरी वर येते. तिघांच्या हट्टापेक्षा वीसजणांची पसंती जड ठरते, आणि तसंच हवं.

यात हमखास होणारी चूक एकच. मालिका पाहिलेली नसेल तर चौकट रिकामी सोडायची, शून्य टाकायचं नाही. एक्सेल रिकामी चौकट सरासरीत धरत नाही, शून्य मात्र इमानेइतबारे धरतं. एका शून्याने चांगली मालिका पाच जागा खाली घसरते आणि मग लोक गणिताला शिव्या घालतात. दुसरी अडचण माणसांची: आपल्या लाडक्या मालिकेला दहा आणि बाकी सगळ्यांना एक. त्यावर उपाय म्हणजे मतं वीसच्या आसपास असली की प्रत्येक मालिकेचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं एकेक मत उडवणं. चार-पाचच मतं असतील तर हे करू नका, हातात काहीच उरत नाही.

त्रासदायक गोष्टीही सांगायला हव्यात. जाहिराती फार, आणि ट्रेलर आपोआप सुरू होतात. २०१७ मध्ये चर्चेचे फलक बंद झाल्यापासून माणसांशी वाद घालायची जागा तिथे राहिलेली नाही, फक्त परीक्षणं उरली. महिन्याचे पैसे घेणारं 'प्रो' खातं व्यवसायातल्या लोकांसाठी आहे, क्रमवारीला त्याची गरज नाही. सगळ्यात मोठा धोका मालिका अर्धी पाहून झालेल्यांना: कलाकारांच्या यादीत प्रत्येकासमोर एपिसोडची संख्या लिहिलेली असते. ७३ एपिसोडच्या मालिकेत नायकासारख्या दिसणाऱ्या माणसासमोर दहा लिहिलेलं दिसलं, की त्याचं पुढे काय झालं असेल ते न सांगताच कळतं. सीझनच्या नवव्या एपिसोडसमोरचा ९.९ सुद्धा तेवढाच चुगलखोर. मालिका संपेपर्यंत वरचा आकडा पाहा, पान खाली सरकवू नका.