नळी बदलू नका म्हणणारा मिस्त्री

माझ्या .315 रायफलीच्या पाच गोळ्या पूर्वी पन्नास मीटरवर तळहाताखाली झाकायच्या. यंदा त्या जेवणाच्या ताटाएवढ्या पसरायला लागल्या. आधी एका कारागिराने दोन मिनिटं पाहून "नळी गेली, बदला" असं सांगून मला वाटेला लावलं होतं. शेवटी पेडण्याहून फोंड्याला बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो.

त्यांनी परवाना पाहून वहीत नोंद केली, बोल्ट काढला आणि नळीत बारीक कॅमेरा सोडला. तोंडाकडचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, धारदार होते. पण काडतूस बसतं तिथून पुढची दोन बोटं जागा मोबाइलवर पाहिली आणि पोटात गोळाच आला: मे महिन्यातल्या सुकल्या मळ्यासारख्या भेगा!

"काका, हे काडतुसातल्या दारूच्या उष्णतेचं काम," मिस्त्री म्हणाले. पोलाद साधारण 1500 अंशांना वितळतं. जळत्या दारूचा वायू त्याहून कितीतरी तापलेला, फक्त क्षणभर भिडतो म्हणून नळी वाचते. दारूत नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक जितकं जास्त, तितकी आच जास्त. इंग्रजांच्या कॉर्डाइट नावाच्या जुन्या दारूत ते 58 टक्के होतं. नळ्या भराभर झिजायला लागल्या तेव्हा 30 वर आणावं लागलं. मी बेळगावला .303 रायफलीवर शिकलो, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात माझी सवय वाईट, एका दमात वीस बार. तापलेल्या नळीत पुढचा बार काढला की झीज आणखी वाढते.

दुसरं कारण घरातच होतं. वडिलांच्या वेळची काडतुसं मी सरावात संपवली. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, तसल्या जुन्या टोप्यांतल्या रसायनाचं नळीत मीठ उरतं, ते आपल्या पावसाळी हवेत पाणी ओढतं आणि गंज धरतो. मी इमानदारीने तेल लावत होतो, पण तेलात मीठ विरघळत नाही! आधी गरम पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल.

सफाईचे 1,800 रुपये घेतले, पावती दिली. चार दिवस सांगून अकरा लावले आणि मधे फोन उचलला नाही, हे मात्र खटकलं. भेगा भरून येणार नाहीत, पण नळी बदलू नका, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

रविवारी पाच-पाच बार काढले, मधे नळीला हात लावून गार होईपर्यंत थांबलो. भोकं आता बशीत मावतात. जाणार असाल तर परवाना मूळ न्या, झेरॉक्सवर ते हत्यार हातात घेत नाहीत.