ग्राफिक्स कार्डाच्या रेडिएटरचा पंखा बदलताना: वायर कार्डाला जोडावी की मदरबोर्डला?

एएमडीचे २०१५ चे रेडिऑन आर-९ फ्युरी एक्स, २०१७ चे वेगा ६४ लिक्विड, ईव्हीजीएच्या हायब्रिड मालिकेतली काही कार्डे, अशी पंपाने पाणी फिरवून १२० मिलिमीटरच्या एकाच रेडिएटरवर थंड होणारी ग्राफिक्स कार्डे जुन्या सामानाच्या बाजारात अजून मिळतात. त्यांतली चिप आणि पंप धडधाकट असतानाही रेडिएटरचा पंखा घरघरू लागतो, कारण उघड्यावर फिरत धूळ खाणारा भाग तोच असतो. अशा वेळी बहुतेक जण कोणत्या कंपनीचा पंखा घ्यावा या प्रश्नावर आठवडा घालवतात. माझ्या मते आधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे. नव्या पंख्याने हुकूम कोणाचा मानायचा, कार्डाचा की मदरबोर्डचा, हे एकदा ठरले की पंख्याची निवड बरीच सोपी होते.

त्याहीआधी दोष पंख्याचाच आहे याची खात्री करून घ्यावी. कार्डावर भार नसताना पात्यांच्या मधल्या फिरत्या गोलावर बोट हलकेच टेकवून पंखा क्षणभर थांबवावा. आवाज तरीही येत राहिला तर तो पंपाचा आहे आणि नव्या पंख्याने त्यात काहीही फरक पडणार नाही. फ्युरी एक्सच्या सुरुवातीच्या कार्डांविषयी पंपाच्या बारीक, शिटीसारख्या आवाजाचीच तक्रार होती. चिप तापून लाल होत असताना रेडिएटर हाताला गारच लागत असेल तर पाणी फिरत नाही, असे समजावे. आणि धूळ जरूर पाहावी. माझ्या कार्डाचा पंखा मी काढला तेव्हा रेडिएटरच्या बारीक घड्यांवर करड्या नमद्यासारखा थर बसलेला होता. नखाने कड धरून ओढल्यावर तो जवळजवळ अख्खा चौकोन होऊन निघाला आणि तापमानाची निम्मी तक्रार तिथेच मिटली. घरघर मात्र राहिली, कारण बेअरिंग खरोखरच गेलेले होते.

मूळचाच पंखा मिळवून बसवणे हा दिसायला सर्वांत सरळ पर्याय आहे: कनेक्टर तोच, स्क्रू तेच आणि कार्डाच्या वेगाच्या हिशेबातही काही बदल नाही. अडचण मिळण्याची आहे. ईव्हीजीएने २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा व्यवसायच बंद केला. इतर कंपन्याही इतक्या जुन्या कार्डांचे सुटे पंखे सहसा ठेवत नाहीत. दुसऱ्या मोडक्या कार्डावरून काढलेला पंखा विकत घेणे म्हणजे तितकेच झिजलेले बेअरिंग पुन्हा विकत घेणे होय. कार्ड वॉरंटीत असेल तरच हा मार्ग धरावा आणि तेव्हाही तो कंपनीमार्फतच धरावा.

आता मुख्य मुद्दा. कार्डावरचे कनेक्टर लहान असते आणि बाजारातल्या पंख्याचे मोठे, त्यामुळे मध्ये तयार ॲडॅप्टर लागतो. जमीन (ग्राउंड), १२ व्होल्ट, फेऱ्यांचा संकेत आणि पीडब्ल्यूएम (पंख्याला वेग सांगणारा संकेत) अशा चारच तारा दोन्हीकडे असल्या तरी त्यांचा क्रम रंगांवरून गृहीत धरू नये. काही कार्डांत पंख्याची वायर नळ्यांच्या आवरणातून थेट कार्डाच्या झाकणाखाली जाते, म्हणजे झाकण उघडणे आले, त्यावरचे सील तुटणे आले आणि आतले थर्मल पॅड (चिपांची उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटण्याची शक्यताही आली. हे सगळे निभावले तर लाभ मोठा आहे: कार्डाला स्वतःचे तापमान कळते, आणि विंडोज असो वा लिनक्स, कोणत्याही वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय पंखा त्यानुसार फिरतो.

मात्र कार्ड पंख्याला वेग सांगते तो टक्क्यांत, आणि तो मूळ पंख्याच्या हिशेबाने बेतलेला असतो. मूळ पंखा मिनिटाला ३००० फेऱ्यांचा असेल तर ४० टक्के म्हणजे साधारण १२०० फेरे. नवा १५०० फेऱ्यांचा असेल तर त्याच ४० टक्क्यांत तो ६०० च्या आसपास रेंगाळेल आणि पाणी हळूहळू तापत जाईल. म्हणून नवा पंखा मंद असेल तर वेगाची रेषा, म्हणजे किती तापमानाला किती वेग हा हिशेब, हाताने वर उचलावी लागते. दुसरी गोष्ट विजेची. कार्डाचे हेडर, म्हणजे पंख्याची वायर जिथे खोचतात ती जागा, मूळ पंख्यापुरतेच बनवलेले असू शकते, तेव्हा जुन्या पंख्याच्या स्टिकरवरचा अँपिअरचा आकडा पाहून त्याहून जास्त ओढणारा पंखा तिथे लावू नये. नोक्टुआ या कंपनीचा एनएफ-एफ१२ हा पंखा ०.०५ अँपिअर घेतो, तर त्याचाच ३००० फेऱ्यांचा औद्योगिक भाऊ ०.३ अँपिअर घेतो.

मदरबोर्डकडे वायर नेली तर कार्ड उघडावे लागत नाही. जुना पंखा झाकणाखाली जोडलेला असेल तर मात्र त्याची वायर बाहेरच कापून, प्रत्येक टोक वेगवेगळे टेपने बंद करावे लागते. शिवाय मदरबोर्डचे हेडर साधारणपणे १ अँपिअरपर्यंतचे असते, त्यामुळे विजेची काळजी उरत नाही. प्रश्न उरतो तो हुकमाचा. मदरबोर्डचा बायोस (त्याचे स्वतःचे मूळ सॉफ्टवेअर) सहसा प्रोसेसरचे तापमान पाहतो, आणि ज्या गेममध्ये प्रोसेसर निवांत आणि कार्ड घामाघूम असते तिथे पंखाही निवांतच राहतो. विंडोजवर फॅनकंट्रोल या मोफत सॉफ्टवेअरने कार्डाचे तापमान पाहून हे हेडर चालवता येते. ते न वापरणाऱ्याने बायोसमध्ये एकच कायमचा वेग ठरवून टाकावा. हा उपाय अडाणी वाटतो, पण तसा तो नाही: चिपचे तापमान काही सेकंदांत उडी मारते, पाण्याचे मात्र सावकाश चढते, आणि रेडिएटरचा पंखा पाण्यासाठी असतो. चिपच्या प्रत्येक उडीवर वर-खाली होणाऱ्या आवाजापेक्षा १२०० फेऱ्यांचा अखंड आवाज कान लवकर विसरतात.

माझा कौल स्पष्ट आहे. वायर झाकणाबाहेरच सुटत असेल आणि बरोबर ॲडॅप्टर मिळत असेल तर कार्डालाच जोडावी. झाकण उघडावे लागत असेल तर मदरबोर्डला जोडून वेग कायम ठेवावा. कार्ड भाऊ-बहिणीच्या संगणकात जाणार असेल, जिथे सॉफ्टवेअरची देखभाल कोणी करणार नाही, तर कायमचा वेग थोडा चढाच ठेवावा.

पंख्यांपैकी आर्क्टिक पी१२ पीडब्ल्यूएम हा १८०० फेऱ्यांचा पंखा स्वस्त आहे आणि या कामाला पुरतो. नोक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५ त्याच्या काही पट महाग पडतो; २००० फेरे आणि पात्यांचे टोक व चौकट यांत अवघी अर्धा मिलिमीटर फट ही त्याची खासियत. कागदावर एनएफ-एफ१२ चा हवेचा दाब (तो पाण्याच्या उंचीत मोजतात) २.६१ मिलिमीटर पाणी आहे आणि ए१२एक्स२५ चा २.३४, त्यामुळे पहिला सरस वाटतो. पण हा आकडा हवा पूर्ण अडवलेली असतानाचा असतो. रेडिएटर हवा अडवतो, पूर्ण बंद करत नाही, म्हणून प्रत्यक्षात दुसऱ्याचेच पारडे जड राहते. वेगा ६४ लिक्विडसारख्या ३४५ वॅटच्या कार्डाला किंवा मे महिन्यात ४४ अंशांवर जाणाऱ्या नागपूरच्या बिनएसी खोलीत वरचे २०० फेरे हाताशी असलेले बरे. अन्यथा मी पी१२ घेईन.

स्क्रूंकडे मात्र दुर्लक्ष करू नये. पंखा २५ मिलिमीटर जाड असेल तर साधारण ३० मिलिमीटरचा स्क्रू लागतो. जास्त लांब स्क्रू सरळ रेडिएटरच्या पाण्याच्या नळीत घुसतो आणि मग कार्डच बाद होते. काही रेडिएटरचे आटे एम३ मापाचे असतात, काहींचे ६-३२ मापाचे. जुने स्क्रू जपून ठेवून तेच वापरले तर हा घोळ टळतो. मूळ पंखा २५ मिलिमीटरहून पातळ असेल तर तेच स्क्रू अपुरे पडतील.

बसवून झाल्यावर संगणक सुरू करून पंख्याजवळ पेटती उदबत्ती धरावी. जुना पंखा ज्या दिशेने हवा नेत होता त्याच दिशेने धूर ओढला गेला पाहिजे. चौकटीवरचा बाण पाहूनही पंखा उलटा बसवणारे बरेच असतात, आणि त्यांत एकदा मीही होतो.