फराळाला काय आणायचं: डालडा, तूप, पामतेल की शेंगतेल?

दिवाळीचा किराणा भरताना घरोघरी हा वाद होतो. साट्याच्या करंजीला डालडा की साजूक तूप? तळणीला शेंगतेल की स्वस्तातलं पामतेल?

आधी डालड्याचं बघू, कारण त्याच्याबद्दल अजून जुनंच बोललं जातं. पातळ तेलात हायड्रोजन अर्धवट मुरवून ते घट्ट केलं की ट्रान्स फॅट तयार होतं. वाईट कोलेस्टेरॉल वाढवायचं आणि चांगलं घटवायचं, अशी दोन्ही कामं ते एकदम करतं. डेन्मार्कनं २००३ सालीच त्यावर मर्यादा घातली. आपल्याकडे ही मर्यादा १० टक्क्यांवरून ५ वर, २०२१ मध्ये ३ वर आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली. आता ती बिस्किटं, फरसाण अशा तयार पदार्थांतल्या तेला-तुपालाही लागू आहे. म्हणजे नियम पाळून बनवलेल्या आजच्या डालड्यात ट्रान्स फॅट फारसं नसतं.

पण तो घट्ट तर आहेच. हा घट्टपणा आता मुख्यतः संपृक्त चरबीतून (सॅच्युरेटेड फॅट) येतो, बहुतेक वेळा पामतेलाच्या. वाईट कोलेस्टेरॉल तीही वाढवते. पामतेलात ती जवळपास निम्मी असते, साजूक तुपात ६० टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे ‘डालडा वाईट म्हणून तूप सढळ हातानं’ हा हिशेब चुकतो. पाकिटांवरची टक्केवारी दिवसाला २२ ग्रॅम संपृक्त चरबी धरून काढलेली असते, आणि एका मोठ्या चमचाभर तुपातच आठेक ग्रॅम निघते. (तुपात थोडं नैसर्गिक ट्रान्स फॅटही असतं, पण २ टक्क्यांचा नियम कारखान्यात तयार होणाऱ्यापुरताच आहे.)

तरी साट्याला मी तूपच घेईन. साटा लागतो थोडा आणि चव सगळी त्याच्यावर. डालड्याची सोय मान्य आहे. तो उबेत पटकन पातळ होत नाही, पदर हमखास सुटतात. तूप ऑक्टोबरच्या उकाड्यात वितळतं. वाडगं गार पाण्यात ठेवून फेसलं आणि मग तांदळाची पिठी घातली, की तेही छान धरतं. शंकरपाळ्याच्या मोहनाला मात्र तूपच हवं असं नाही, कडकडीत तेल चालतं.

तळणीचा निर्णय सोपा आहे. मोठ्या चमचाभर पामतेलात सुमारे ७ ग्रॅम संपृक्त चरबी, तेवढ्याच शेंगतेलात अडीच. पामतेल स्वस्त, आचेला टिकाऊ, म्हणून फरसाणवाल्यांचं लाडकं. घरी शेंगतेलाला वरचे पैसे देणं मला पटतं. तळणीला रिफाइंड बरं, घाण्याचं लवकर धूर सोडतं. करडईत संपृक्त चरबी सगळ्यांत कमी, पण नेहमीचं करडई तेल सततच्या आचेला लवकर बिघडतं. ते फोडणीला ठेवा.

विकतच्या फराळात खरी अडचण तेल कोणतं याची नसून ते कितव्यांदा तापलंय याची आहे. तापून तापून तेलात साठणारे पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. पण तळणीच्या तेलाची नोंद ठेवायची सक्ती रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्यांवर. कोपऱ्यावरच्या कढईचा हिशेब कुणाकडे नसतो. तेल काळपट, चिकट दिसलं, वर फेस धरत असलं, तर तिथली चकली घेऊ नये.

पाकिटातल्या खारीवर निदान आकडे छापलेले असतात. ‘ट्रान्स फॅट ०’ वाचून थांबू नका, संपृक्त चरबीची ओळही बघा. बेकरीतल्या सुट्या खारीला लेबलच नसतं, तेव्हा मार्गारीन (तेलापासून केलेलं लोण्यासारखं घट्ट) वापरलंय की बटर, हे सरळ विचारा.

सगळं घरी जमणार नसेल तर चकली, शेव, करंजी घरी करा आणि बेसनाचे लाडू विकत आणा. त्यात तळणीचं तेल येतच नाही.