गाजलेले चित्रपट घरपोच : एका वर्गणीचा वर्षभराचा अनुभव
पुरस्कार मिळालेले नवे चित्रपट पाहता यावेत म्हणून मी वर्षभरापासून एका ऑनलाइन सेवेची वर्गणी भरतो आहे. चित्र सुस्पष्ट आहे, उपशीर्षकेही मन लावून केलेली आहेत. मात्र पुन्हा पाहायचा म्हणून यादीत जपून ठेवलेला एक चित्रपट गेल्या महिन्यात उघडायला गेलो, तेव्हा त्याच्या जागी ‘सध्या उपलब्ध नाही’ एवढीच ओळ दिसली. त्याची डिस्कही निघालेली नसल्यामुळे दुसरा मार्गच उरला नाही. हे मनाला फार लागले, कारण चित्रपटाचे मोल पुष्कळदा उशिरा कळते. १९५८ मध्ये संमिश्र स्वागत झालेला आल्फ्रेड हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ हा चित्रपट मधली कित्येक वर्षे पाहायलाच मिळत नव्हता. १९८३ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, १९९६ मध्ये त्याची फिकी पडलेली प्रत मेहनतीने सुधारली गेली आणि २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या पाहणीत समीक्षकांनी त्याला सर्वोत्तम चित्रपटांमध्ये पहिले स्थान दिले. आज वाखाणलेल्या चित्रपटांपैकी कोणते टिकतील हे पुढच्या पिढ्याच ठरवतील, पण त्यासाठी ते त्यांच्या हाती पडायला हवेत. वर्गणी मी चालू ठेवणार आहे. सेवेतून चित्रपट काढून टाकण्यापूर्वी महिनाभर आधी तरी कळवावे, एवढी माझी आग्रहाची मागणी आहे.