नव्याच्या सणाचं कॉकटेल: डाळिंब, सफरचंद-मध की काळ्या मनुका?

रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, यालाच बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांत नव्याचा सण म्हणतात. 2026 साली तो शुक्रवार, 11 सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो आणि रविवारी 13 तारखेला अंधार पडल्यावर संपतो. दोन रात्रींची जेवणं, घरात दहा-बारा माणसं. त्यात घरीच कॉकटेल करायचं ठरलं, तर सणाशी नातं असलेले तीन पर्याय समोर येतात: डाळिंब आणि व्होडका, सफरचंद-मध आणि व्हिस्की, काळ्या मनुकांचं सरबत आणि रम. चवीला तिन्ही उत्तम. निवड खरी ठरते ती कोणतं पेय आदल्या दिवशी पूर्ण करून ठेवता येतं आणि पंगतीला कोण बसणार आहे यावर. म्हणून आधी नियम, मग प्रमाण.

ग्लास कधी द्यायचा, त्यात काय नको

सगळ्यात जास्त फसगत होते ती वेलकम ड्रिंकमध्ये. सूर्यास्तानंतर किद्दुश, म्हणजे वाईनच्या प्याल्यावर म्हणायची प्रार्थना, झाल्याशिवाय काही खायचं-प्यायचं नसतं, त्यामुळे दारातच ग्लास हातात दिला तर धर्मनियम पाळणारा पाहुणा तो नुसता धरून उभा राहतो. किद्दुश, हात धुणं, भाकर, मधात बुडवलेलं सफरचंद, आणि मग कॉकटेल, असा क्रम धरा. हलव्यानंतर मात्र ते काढू नका. गव्हाचा चीक, नारळाचं दूध आणि साखर घालून केलेला चिकाचा हलवा इतका गोड असतो की त्यावर डाळिंबाचा रस तुरट लागतो आणि मधाचा तर पत्ताच लागत नाही.

दुसरी गोष्ट कामाची. यंदा पहिला दिवस नेमका शब्बाथ, म्हणजे काम न करण्याचा शनिवार, आहे. फळ पिळणं, मिक्सर लावणं, काही गरम करणं हे सगळं शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत आटोपायला हवं. गाळणंही तेव्हाच उरका, बर्फही तेव्हाच लावा. आणि पहिल्या दिवशी दुसऱ्या रात्रीची तयारी करत नाहीत, म्हणजे शनिवारी दुपारी उरलेली डाळिंबं सोलू, हा बेत मनातून काढून टाका. दोन्ही रात्रींचं सामान शुक्रवारीच बाटल्यांत भरलेलं हवं.

ज्यू नियमांत मांसाबरोबर दूध घेत नाहीत, म्हणून जेवणात मटण किंवा कोंबडी असेल तर ग्लासात दूध, साय, क्रीमची लिकर यातलं काही चालत नाही. दाटपणा हवाच असेल तर नारळाचं दूध वापरा. ते बेने इस्रायल स्वयंपाकात मुळातच असतं.

द्राक्षापासून झालेली प्रत्येक गोष्ट, म्हणजे वाईन, ब्रँडी, व्हर्मुथ, बाटलीतला द्राक्षरस, कोशर (ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या) छापाचीच लागते. साधी व्होडका, साधी जिन, साधी रम आणि साधी व्हिस्की बहुतेक घरांत छापाशिवाय चालते. मसाला घातलेली किंवा फळाच्या स्वादाची मात्र नाही. शेरीच्या पिंपात मुरवलेल्या व्हिस्कीबद्दल मतभेद आहेत, तेव्हा ती टाळलेली बरी. लोक चुकतात ते मिश्र फळांच्या रसाच्या डब्यात: त्यात गोडीसाठी पांढऱ्या द्राक्षाचा रस घातलेला असू शकतो. घटकांची यादी वाचा.

शेवटचा मुद्दा आंबटाचा. वर्ष गोड जावं म्हणून या दोन दिवसांत आंबट-तिखट टाळायची रीत अनेक घरांत आहे. कॉकटेलचा तोल तर बहुधा लिंबावरच उभा असतो. खालच्या तिन्ही कृतींत म्हणूनच लिंबू हात राखून घातलं आहे. अजिबात चालत नसेल तर डाळिंबाची कृती सर्वांत कमी बिघडते.

डाळिंब

डाळिंबात 613 दाणे असतात आणि तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या आज्ञाही तितक्याच, असं परंपरेत मानतात. सणाच्या ताटात ते हवंच असतं. महाराष्ट्रात सप्टेंबरात सोलापूर, नाशिककडचं भगवा डाळिंब मिळतं: दाणे गडद लाल, बी मऊ, रस गोड.

एका ग्लासाला: व्होडका किंवा जिन 45 मिली, डाळिंबाचा रस 75 मिली, एकास एक साखरेचा पाक 10 ते 15 मिली, लिंबू 5 मिली, वरून थंड सोडा 60 मिली. सोडा धरून हे जवळपास वाईनपेक्षा थोडं हलकं पेय होतं. बारा जणांना एकेक ग्लास द्यायचा तर 900 मिली रस लागेल. पाव किलोपेक्षा थोड्या मोठ्या डाळिंबातून 100 ते 120 मिली रस निघतो, तेव्हा आठ-नऊ फळं घ्या आणि एक जास्तीचं.

हे पेय बिघडतं ते रस काढताना. दाणे मिक्सरमध्ये घालून बटण दाबून धरलं की बिया भरडल्या जातात, त्यांचा तुरटपणा रसात उतरतो आणि मग कितीही पाक घाला, जिभेवर कोरडेपणा राहतोच. मिक्सरला दोन-तीन झटके पुरेत. दाणा फुटला पाहिजे, बी अख्खी राहिली पाहिजे. मग मलमलच्या फडक्यातून गाळा. शेवटी फडकं जोर लावून पिळू नका. तो शेवटचा पाव वाटी रस सगळा घाण कडवट असतो. दाण्यांमधला पिवळसर पापुद्रा एकही जाऊ देऊ नका. सोललेले दाणे पाण्यात टाकले की पापुद्रे वर तरंगतात आणि हाताने काढता येतात. लोखंडी भांडं, लोखंडी सुरी नको, रस काळपट पडतो. स्टील आणि काच ठीक.

रस बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवला तर पहिल्या रात्री रंग जसाच्या तसा असतो. दुसऱ्या रात्री लाल रंग विटकरीकडे झुकतो, वासही मंदावतो. पिण्याजोगा असतो, पण पहिल्या रात्रीची मजा त्यात नसते.

भगवा फार गोड निघाला आणि लिंबू वाढवायचं नसेल तर 10 मिली कोकम सरबत घाला, रंगही खुलतो. इथे बाटलीवरचं नाव नीट बघा: आगळात मीठ असतं. आगळ गेलं तर पेय खारट होतं आणि त्यावर उपाय नाही. बाजारातलं तयार ग्रेनेडिन, म्हणजे डाळिंबाच्या नावाचा लाल पाक, मात्र वापरू नका. त्यातलं बरंचसं रंग आणि साखरच असतं. सणाला बहुतेकदा पांढरी चादर अंथरतात आणि हा डाग सहज जात नाही. उंच ग्लास अर्धा भरा, ट्रे वापरा.

मद्य न घेणाऱ्यांची सोय यात सर्वांत सोपी: व्होडका वगळा, सोडा 100 मिली करा. शेजारी ठेवलं तर फरक ओळखू येत नाही, म्हणून ग्लासच वेगळे घ्या. लहान मुलं असतील तर ही काळजी आधी घ्या, बाकीचं नंतर.

सफरचंद आणि मध

सणाची खूण हीच, आणि तिघांत सर्वांत विचारपूर्वक करायचं पेयही हेच. व्हिस्की 45 मिली, सफरचंदाचा रस 60 मिली, मधाचा पाक 15 मिली, लिंबू 10 मिली.

मध सरळ ग्लासात ओतला तर थंड द्रवात तो विरघळत नाही. तळाशी जाऊन बसतो, पहिले घोट फिके आणि शेवटचा नुसता मध. म्हणून पाक करायचा: दोन भाग मध, एक भाग कोमट पाणी, वजनाने. पाणी उकळतं नको, मधाचा वास उडतो. एकजीव होईपर्यंत ढवळा, बाटलीत भरा. फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज राहतो. मध कुठला, हेही पाहा. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडवट असतो. व्हिस्कीबरोबर तो कडूपणा दुप्पट जाणवतो. फिकट, फुलांच्या वासाचा मध घ्या. इस्रायलमध्ये राहणाऱ्यांना खजुराचा पाक, सिलान, दुकानात सहज मिळतो. तो घेतला तर प्रमाण 10 मिलीवर आणा, कारण तो दाट असतो आणि सफरचंदाला झाकून टाकतो.

रस ताजा की डब्यातला? सणाच्या वेळी हिमाचल-काश्मीरची नवी सफरचंदं बाजारात असतात, त्यामुळे ताज्याचा मोह होतो. पण हा एकच पर्याय असा आहे जिथे डब्यातला रस जिंकतो. ताजा रस काही मिनिटांत तपकिरी पडतो, त्यावर फेस येतो, आणि रात्रभर ठेवला की खाली गाळ बसतो. डब्यातला स्वच्छ रस दोन दिवस तसाच राहतो. डब्यावर 100 टक्के रस असं हवं. नुसतं पेय असेल तर त्यात साखर असते आणि मग मधाचा पाक निम्मा करावा लागतो. रस स्वच्छ करायला कधी जिलेटिन वापरतात, म्हणून कडक पाळणाऱ्यांसाठी छापाचाच डबा आणा. ताज्याचा आग्रहच असेल तर शुक्रवारी दुपारी, एका लिटरला दोन मोठे चमचे लिंबाचा रस आधीच भांड्यात घालून त्यावर रस काढा.

बारा जणांची बाटली अशी: व्हिस्की 540 मिली, रस 720, मधाचा पाक 180, लिंबू 120, आणि साधं थंड पाणी 300. पाणी कशाला, असं अनेकांना वाटतं. शेकरमध्ये हलवताना बर्फ वितळून जेवढं पाणी पेयात जातं, तेवढं इथे आधीच घातलं आहे. ते वगळलं तर पेय जड आणि झणझणीत लागतं. आपल्याकडची व्हिस्की साधारण 42.8 टक्क्यांची धरली तर या मिश्रणात मद्य 12 टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे वाईनइतकं. ही बाटली दुसऱ्या रात्री पहिलीपेक्षाही चांगली लागते. वाढताना एकदा हळू उलटीसुलटी करा आणि मोठ्या खड्यांच्या बर्फावर ओता. चुरा बर्फ घातला तर पाणी दुप्पट होईल. वर सफरचंदाची चकती लावायची असेल तर ती मिठाच्या पाण्यातून काढलेली असावी. पुदिना नको: त्यातले बारीक किडे पाहून, धुऊन, एकेक पान तपासायला वेळ असेल तरच लावा.

काळ्या मनुका आणि रम

हा पर्याय कोकणचा. वाईन मिळत नसे तिथे बेने इस्रायल कुटुंबांनी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्या सरबतावर किद्दुश म्हटला, आणि आजही अनेक घरांत तेच चालतं. त्यामुळे हे सरबत आधी किद्दुशचं, मग कॉकटेलचं. किद्दुशचा वाटा, एका प्रचलित मापाने किमान 86 मिली, सुरुवातीलाच वेगळ्या बाटलीत काढा. त्यात रम, लिंबू, दालचिनी काहीही जाऊ नये.

पाव किलो काळ्या मनुका कोमट पाण्यात दोनदा धुवा. त्यांवर तेलाचा हात असू शकतो, तो न धुता भिजवल्या तर सरबतावर तवंग येतो. एक लिटर पाण्यात फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. फ्रिज महत्त्वाचा, कारण सप्टेंबरच्या मुंबईत बाहेर ठेवलेल्या मनुका दुसऱ्या दिवसापर्यंत फसफसू लागतात. सकाळी हाताने कुस्करा. मिक्सर नको, बियांच्या मनुका असतील तर कडवटपणा उतरतो. फडक्यातून गाळा, 800 मिलीच्या आसपास निघेल. साखर लागत नाही.

कॉकटेलसाठी: गडद साधी रम 45 मिली, सरबत 90 मिली, लिंबू 5 मिली, हवं तर दालचिनीचा तुकडा. बर्फावर ढवळा, हलवू नका, नाहीतर फेस येऊन गढूळ दिसतं. चव खोल, मुरलेली, गुळचट. ज्यांनी लहानपणापासून हे सरबत प्यायलंय त्यांना रमची जोड पटतेच असं नाही. वडीलधाऱ्यांना साधं सरबतच द्या.

यात एक अडचण मोठी आहे. मनुकांचं सरबत ज्यू धर्मशास्त्रात वाईनमध्येच मोडतं, आणि ज्यू नसलेल्याने केलेली वाईन पाळणारे पीत नाहीत. यजमान ज्यू नसेल आणि पाहुणे पाळणारे असतील तर हे पेय स्वतः करू नये. पाहुण्यांनाच करून आणायला सांगावं, किंवा दुसरा पर्याय धरावा. उकळलेल्या सरबताला काही मुभा असते, पण ती त्यांनाच विचारून ठरवा.

मग कोणतं?

ज्यू नसलेला यजमान, मिश्र मंडळी, लहान मुलं: डाळिंब, डोळे मिटून. घरात स्वयंपाकाला दोनच हात आणि दोन्ही रात्री पाहुणे: सफरचंद-मधाच्या दोन बाटल्या. मला विचाराल तर पहिल्या रात्री डाळिंब, दुसऱ्या रात्री सफरचंद, हीच जोडी सर्वांत सुटसुटीत, कारण पहिलं पेय ताजेपणावर जगतं आणि दुसरं मुरण्यावर. मनुकांचं पेय सहा-सात माणसांच्या, एकमेकांना ओळखणाऱ्या घरासाठी ठेवा. बारा जणांना सरबत पुरवायचं तर अर्धा किलो मनुका आणि फ्रिजमधली मोठी जागा लागते, आणि सणाच्या फ्रिजमध्ये तीच नसते. इस्रायल किंवा अमेरिकेत असाल तर कोशर गोड वाईन, संत्र्याच्या फोडी आणि सोडा हा चौथा मार्ग आहे. श्रम शून्य, पण त्यात सणाचं वेगळेपणही फारसं नाही.

महाराष्ट्रात खरेदीचं एक लक्षात घ्या. यंदा गणेश चतुर्थी सोमवारी 14 सप्टेंबरला आहे, सणाला लागूनच. फळबाजारात त्या आठवड्याअखेरीस गर्दीही असते आणि भावही चढलेले. डाळिंबं बुधवारीच आणा. सालासकट ती आठवडाभर टिकतात. सफरचंदांचंही तेच. लिंबं मात्र शुक्रवारी सकाळी घ्या आणि त्यांचा रस दुपारीच काढून, गाळून, झाकण लावून ठेवा.